परमुलखातील आरोग्यसेवा : आधी शिष्य, मग सेवक

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावातील एखाद्या व्यापारी घरात मुलाने किंवा मुलीने, "शिक्षण पूर्ण झाले, आता दोन वर्षे आफ्रिकेत राहून आरोग्याचे काम करावे असे वाटते," असे सांगितले, तर पहिला प्रश्न स्वयंपाकघरातून येईल : "तिथे खाणार काय?" दुसरा दुकानाच्या गादीवरून येईल : "पगार किती?" आणि तिसरा आईच्या मनातच राहील : "सुखरूप परत येईल ना?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. शेजारच्या अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन अनेक दशके लोटली. आपल्या घरांतील मुले-मुली आता डॉक्टर, औषधनिर्माते, आहारतज्ज्ञ होत आहेत. तेव्हा हा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो.

या तीन प्रश्नांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु त्यांच्याही आधी विचारावा असा एक चौथा प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही : आपला मुलगा किंवा मुलगी तिथून परत आल्यानंतर तिथल्या माणसांच्या हाती काय उरेल? या एका प्रश्नावर परदेशातील सेवेचे मोल ठरते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. एक उदाहरण सोलापूरचे आहे आणि दुसरे बीड जिल्ह्याच्या वेशीवरचे.

सोलापूरचे डॉक्टर, चीनचे शिक्षक

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले आणि तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला, रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. मदन अटल हे त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता. कोटणीसांनी पुढे जाण्याचे ठरविले आणि १९३९ च्या आरंभी ते येनानला पोहोचले. पथकातील सहकारी एकेक करून मायदेशी परतले. मागे राहिले ते कोटणीस आणि बसू.

कोटणीसांच्या शस्त्रक्रियांच्या आणि सलग जागून काढलेल्या रात्रींच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी काढलेल्या चित्रपटाने त्या घरोघरी पोहोचविल्या. मात्र त्यांच्या जीवनातील एक शांत बाजू त्या तेजात झाकोळून जाते. चीनमध्ये राहायचे ठरताच ते चिनी भाषेचे विद्यार्थी झाले. बोलण्यापुरती भाषा शिकून ते थांबले नाहीत. चित्रलिपी वाचण्या-लिहिण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. पथकातील डॉक्टरांनी चिनी नावे धारण केली, तेव्हा कोटणीस 'के दीहुआ' झाले. त्यातील 'हुआ' म्हणजे चीन. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात सैनिक आणि गावकरी जे भरड धान्य खात, तेच त्यांचेही अन्न होते.

त्याच भागात नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तेथील वैद्यकीय शाळेत ते शल्यशास्त्र शिकवू लागले, तेही चिनी भाषेतून. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तकाचे लेखनही हाती घेतले. एका डॉक्टरच्या हातून किती रुग्ण बरे होतील याला मर्यादा असते. त्याने घडविलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून किती होतील याचा हिशोब मांडता येत नाही. सोलापूरच्या या तरुणाने चीनला दिलेले खरे भांडवल हे होते.

१९४१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी गुओ छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. त्यानंतर चार महिन्यांतच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

या मृत्यूकडे आपण केवळ भक्तिभावाने पाहतो आणि एक गोष्ट सांगायची राहून जाते. दुखणे आधीपासून दिसत होते. उपचारासाठी दुसरीकडे जावे असे त्यांना सुचविण्यात आले होते, ते त्यांनी मानले नाही. युद्धकाळ होता, पर्याय थोडे होते, म्हणून आपण त्यांना दोष देऊ नये. पण आजच्या सेवकाने यातून धडा अवश्य घ्यावा. स्वतःच्या देहाची निगा राखणे हा सेवेतील आळस नव्हे, तो सेवेचाच भाग आहे. तान्हे मूल मागे ठेवून गेलेल्या पित्याची ही कथा आईच्या मनातील तिसऱ्या प्रश्नाला फसवे उत्तर देत नाही.

वेशीवरचा धडा : जामखेड

कोटणीस परदेशात शिकवायला राहिले. जामखेडची गोष्ट याच्या उलट दिशेने घडली. तिथे परदेशातील माणसे शिकायला येऊ लागली.

बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झाले होते. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते याच दुष्काळी पट्ट्यात परतले.

प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहिले, पण गावात त्यांचा जम बसेना. मग आरोळे दांपत्याने वेगळा मार्ग धरला. गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, तिने जामखेडला येऊन शिकावे आणि गावात जाऊन काम करावे. निवडून आलेल्या अनेक जणी निरक्षर होत्या. कित्येक दलित कुटुंबांतील होत्या. गरोदर स्त्रीची काळजी, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, स्वच्छ प्रसूती या गोष्टी त्या शिकल्या आणि घरोघरी शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पुढील दोन-अडीच दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजवर शंभराहून अधिक देशांतील माणसे जामखेडला प्रशिक्षणासाठी येऊन गेली आहेत.

परदेशातून आलेल्या पदवीधरांना येथे ज्या शिक्षिका भेटल्या, त्यांत शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, १९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातील झगमगती झुंबरे दाखवून त्यांनी मोठ्या डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली, आणि स्वतःची तुलना हातातील साध्या दिव्याशी केली, कारण दिव्याने दुसरा दिवा लावता येतो. जगभरातून जमलेल्या तज्ज्ञांनी उभे राहून त्यांना दाद दिली.

आपल्या गावोगावी दिसणारी आशा ताई ही याच विचाराची पुढची पायरी. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांचा जागतिक पुरस्काराने सन्मान केला. म्हणूनच परदेशी जाण्याची इच्छा असणाऱ्या तरुणाला पहिला सल्ला असा द्यावासा वाटतो, की आधी चार-सहा महिने आपल्याच गावच्या आशा ताईंबरोबर उन्हात फिरावे. जे काम इथे जमत नाही, ते सातासमुद्रापलीकडे जाऊन जमणार नाही.

तिथला दिवस कसा असतो?

समजा, सेवेचे ठिकाण इथिओपिया आहे. त्या देशाने २००३ साली ग्रामीण आरोग्य विस्ताराची योजना सुरू केली. साधारण पाच हजार वस्तीमागे दोन स्थानिक तरुणी, वर्षभराचे प्रशिक्षण आणि सरकारी वेतन, असे तिचे स्वरूप आहे. तेथे जाणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाला आपली आशा ताईच वेगळ्या वेषात भेटते. गावाचा विश्वास तिच्यावर असतो. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण लस देऊ देत नाही आणि का देऊ देत नाही, हे तिला ठाऊक असते. पाहुण्याचे काम तिच्या मागे चालण्याचे. नोंदवही नीट करणे, औषधसाठ्याचा मेळ घालणे, एखादे नवे तंत्र तिला शिकवणे, तिच्याकडून दहा गोष्टी शिकणे, असा तो देवघेवीचा व्यवहार आहे. व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला यांतील एक गोष्ट जन्मजात येते : साठा संपण्याआधी मागणी नोंदवणे. अनेक आरोग्य केंद्रांत औषध नसल्यामुळे रुग्ण परत जातो, तेव्हा उणीव डॉक्टरची नसते. साठ्याच्या हिशोबाची असते.

काम दिसायला साधे असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला ताबडतोब उपचाराला न्यायचे. पट्टी गुंडाळणे पाच मिनिटांत शिकता येते. मुलाच्या आईला न दुखावता ही गोष्ट सांगणे शिकायला मात्र वर्ष लागते, कारण ती तिच्याच भाषेत सांगावी लागते.

भाषेचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण पाहावे. इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. पाहुण्याने रुग्णाला "गोळी आठ वाजता घ्या" असे सांगितले, तर रुग्ण ती आपल्या दुपारी दोन वाजता घेईल. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, तरीही औषधाची वेळ चुकली! पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतही वेळ अशीच सांगतात. जो तिथल्या दिवसाचे मोजमाप समजून घेत नाही, त्याच्या औषधाचाही भरवसा धरता येत नाही. आणि त्याच देशातील अम्हारिक भाषेत भेटल्यावर करावयाच्या अभिवादनाचा अर्थ 'तुम्हाला आरोग्य लाभो' असा आहे. ज्या भाषेत नमस्कारच आरोग्याचा आहे, ती शिकण्याचा कंटाळा आरोग्यसेवकाने कसा करावा?

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. यातील बरेच दिवस संथ जातात. पाऊस पडला, रस्ता तुटला, लस आली नाही, बैठकीला कुणी आले नाही. संध्याकाळी वीज नसते, घरची आठवण येते. पर्युषणात, दिवाळीत ती अधिक येते. पहिले तीन-चार महिने आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. ते वाटणे साहजिक आहे. शिष्याचे पहिले दिवस असेच असतात.

अन्न, आरोग्य आणि पैसा

आता पहिल्या तीन प्रश्नांकडे वळू.

आहाराबाबत इथिओपियाचे उदाहरण आपल्याला सुखद धक्का देणारे आहे. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि वर्षातील अनेक दीर्घ उपवासकाळांत मांस, अंडी, दूध सारे वर्ज्य करतात. त्यामुळे 'उपवासाचे जेवण' असे म्हटले, की शाकाहारी ताट समोर येते. हरभऱ्या-वाटाण्याच्या पिठाचे 'शिरो' पाहून आपल्या पिठल्याची आठवण होते; मसुराची आमटीही असते. परंतु बारकावे जाणून घ्यावेत. कांदा-लसूण जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो. 'इंजेरा' ही टेफ धान्याची मोठी धिरड्यासारखी भाकरी असते, आणि तिचे पीठ काही दिवस आंबवलेले असते. ज्यांच्या नियमात हे बसत नाही, त्यांनी स्वतः रांधण्याची तयारी ठेवावी. मसूर, हरभरा, वाटाणा तिथे पिकतात, बाजारात मिळतात. केनियात मक्याच्या पिठाचा उगाली, पालेभाजी आणि मका-घेवड्याची उसळ हा रोजचा आहार आहे. नैरोबी व मोंबासा येथे आपल्या समाजाची जुनी वस्ती आणि मंदिरे आहेत. खेड्यातील सेवाकेंद्रावर मात्र तो आधार नसतो.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्यांना विषुववृत्ताजवळचा प्रदेश सोयीचा आहे. तिथे वर्षभर सूर्य साधारण सहा ते सातच्या दरम्यान मावळतो. अडचण येते ती यजमानांच्या घरी, कारण पाहुण्याला रात्री जेवू घालणे हा त्यांचा मान असतो. नियम आणि स्नेह दोन्ही सांभाळायचे, तर पहिल्या आठवड्यातच हसतमुखाने आपली पद्धत सांगून ठेवावी. उपवासाची परंपरा असलेल्या समाजाला नियमाचा अर्थ लवकर कळतो.

प्रकृतीबाबत ढिलाई चालत नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. पीतज्वराच्या देशातून हे प्रमाणपत्र न घेता भारतात परतणाऱ्याला विलगीकरणात ठेवले जाते. हिवतापाच्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी आणि ताप येताच रक्ततपासणी यांना पर्याय नाही. गोळ्या परतल्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात. कोटणीसांच्या काळात जे उपलब्ध नव्हते, ते आज आहे. ते न वापरणे हा त्याग ठरत नाही.

पैशाबाबत स्पष्ट सांगावे : ही कमाईची वाट नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून चालू असून त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्यात निर्वाहभत्ता व विमा मिळतो. पगार म्हणता येईल असे काही मिळत नाही. १९७१ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली 'सीमारहित डॉक्टर' ही संस्था अनुभवी वैद्यकीय व्यक्तींना घेते. याउलट, पंधरा दिवसांच्या 'सेवासहली'साठी स्वयंसेवकाकडूनच मोठी रक्कम घेणाऱ्या संस्थाही जगात आहेत. तिथे काय मिळते आणि कुणाला मिळते, हे व्यापारी घराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

घरच्यांनी काय विचारावे?

मुलाला अडवू नये, पण काही गोष्टी शांतपणे विचाराव्यात. किमान एक वर्ष राहणार का? त्याहून कमी काळात भाषाही येत नाही. तिथे गेल्यावर कुणाच्या हाताखाली काम करणार, आणि ती व्यक्ती त्या गावची आहे का? ज्या कामाचा अधिकार इथे नाही, ते तिथे करायला सांगितले तर नकार देशील का? विद्यार्थ्याने इथे टाका घालायचा नाही आणि तिथल्या गरिबावर घालून पाहायचा, हा अन्याय आहे; अहिंसेचे नाव घेणाऱ्या घराने तो ओळखला पाहिजे. आजारी पडल्यास परत आणण्याची व्यवस्था कुणाची? आणि शेवटचा प्रश्न : तू परत निघशील त्या दिवशी तुझे काम कोण पुढे चालवणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याला आशीर्वाद देऊन पाठवावे. ज्याच्यापाशी नाही, त्याला आणखी एक वर्ष आपल्याच तालुक्यात काम करायला सांगावे. त्यात त्याचे नुकसान काही नाही. केजच्या वाड्या-वस्त्यांना लाभच होईल.

आपल्याकडे औषधदान हे श्रेष्ठ दानांत गणले आहे. दवाखान्याला देणगी देणारे, शिबिर भरवणारे, औषधे वाटणारे हात आपल्या समाजात कमी नाहीत. ज्ञानदानही तितकेच श्रेष्ठ मानले आहे. परमुलखात राहून केलेल्या आरोग्यसेवेत ही दोन्ही दाने एकत्र येतात. औषध त्या दिवसापुरते पुरते. ते केव्हा, किती आणि का द्यायचे हे ज्ञान गावातील एका स्त्रीच्या हाती राहिले, तर ते तिच्या मुलींपर्यंत जाते.

कोटणीसांचे सोलापुरातील घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. चीनमध्ये शिजियाझुआंग येथे त्यांचे समाधिस्थळ आहे. तिथल्या लोकांनी या परदेशी डॉक्टरला आपला मानून जपले आहे. तो मान शस्त्रक्रियांचा आहेच. पण जो माणूस त्यांच्या भाषेत शिकला आणि त्यांच्याच भाषेत शिकवून गेला, त्याच्याविषयीची ती कृतज्ञताही आहे. आपल्या घरातून कुणी अशा वाटेने निघाले, तर त्याच्या सामानात डाळ-तांदूळ, औषधे आणि लसीचे प्रमाणपत्र अवश्य बांधून द्यावे. आणि निघण्यापूर्वी त्या देशाच्या भाषेतील पहिली शंभर वाक्ये त्याच्याकडून म्हणवून घ्यावीत.